गव्हाचं प्रथिन तांबेऱ्याला ओळखतं म्हणजे नेमकं काय होतं?

तुमचे प्रश्न तीन आहेत. तांबेऱ्याच्या एका इफेक्टरला (बुरशी झाडाच्या पेशीत सोडते त्या प्रथिनाला) चिकटणारं गव्हाचं प्रथिन तुम्हाला यीस्ट टू-हायब्रिडमध्ये (दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात का हे यीस्टच्या पेशीत पाहण्याच्या चाचणीत) मिळालं आहे, तर तेच प्रतिकाराचं कारण मानावं का? प्रतिकारक जनुकातून तयार होणारं प्रथिन मुळात करतं काय? आणि ओळख इतकी नेमकी असेल तर चांगले चांगले वाण काही वर्षांत रोगाला बळी का पडतात? पहिल्याचं उत्तर ‘अजून नाही’ असं आहे. त्याची कारणं शेवटी देतो, कारण दुसरा आणि तिसरा प्रश्न आधी उलगडल्याशिवाय ती पटायची नाहीत.

प्रतिकारक जनुकाचं प्रथिन बुरशीला मारत नाही. फळ्यावर आपण जनुकापासून बुरशीकडे जाणारा बाण काढतो आणि तो गैरसमज पक्का होतो. तांबेऱ्याची बुरशी पर्णरंध्रातून आत शिरते, पेशीभित्तिका भेदते, पण पेशीपटल फाडत नाही. त्याला आत ढकलून आपलं शोषकांग तिथे रुजवते. पेशी जिवंत राहिली तरच तिला अन्न मिळतं. या शोषकांगातून ती शेकडो प्रकारची लहान प्रथिनं गव्हाच्या पेशीत सोडते. हेच इफेक्टर. कोणी बचावाचे संदेश दाबतं, कोणी साखरेचा ओघ बुरशीकडे वळवतं. बहुतेकांचं काम आपल्याला आजही ठाऊक नाही.

पेशीच्या आत बसून या इफेक्टरांवर पाळत ठेवणारी प्रथिनं म्हणजे एनएलआर. काळ्या, नारिंगी आणि पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धच्या ज्या जनुकांना आपण अनुक्रमे ‘एसआर’, ‘एलआर’, ‘वायआर’ म्हणतो त्यांपैकी आजवर वेगळी काढलेली बरीचशी याच कुळातली निघाली. गव्हाच्या जनुकसंचात अशी तीन हजारांवर ठिकाणं आहेत. रचना ढोबळपणे तीन भागांची: पुढच्या टोकाला वळ्यावळ्यांचा सीसी भाग, मध्ये एडीपी किंवा एटीपी (पेशीतले ऊर्जेचे रेणू) धरणारा भाग आणि मागे घोड्याच्या नालासारखा वाकलेला, ल्युसिनची पुनरावृत्ती असलेला एलआरआर. एरवी हे प्रथिन मिटलेलं, एडीपी धरून निवांत असतं.

एसआर३५ ही यातली सगळ्यात स्वच्छ उलगडलेली गोष्ट, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. हे जनुक एकदाणी गव्हातून, म्हणजे ट्रिटिकम मोनोकॉकममधून आलं आणि २०१३ मध्ये वेगळं काढलं गेलं. खोडावरच्या काळ्या तांबेऱ्यातला त्याचा जोडीदार इफेक्टर, एव्हीआर-एसआर३५, २०१७ मध्ये सापडला. त्यासाठी संशोधकांनी बुरशीच्या बीजाणूंमध्येच उत्परिवर्तनं घडवली, एसआर३५ असलेल्या गव्हावर ते सोडले आणि त्यातूनही जे वाढले त्यांत कोणतं जनुक बिघडलंय ते शोधलं. तांबेरा माध्यमावर सहजासहजी वाढवता येत नाही, व्यवहारात तो जिवंत गव्हावरच जोपासावा लागतो. ज्यांनी पॉलिहाउसमध्ये रेस (कोणत्या वाणांवर वाढतात यावरून ओळखले जाणारे बुरशीचे प्रकार) शुद्ध ठेवण्याची कटकट केली आहे त्यांना या कामाची किंमत लगेच कळेल.

२०२२ मध्ये कोलोनची माक्स प्लांक संस्था आणि चिनी सहकाऱ्यांनी या दोन प्रथिनांची एकत्र रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. प्रथिनं त्यांनी कीटकांच्या पेशींमध्ये तयार केली. अडचण अशी की दोन्ही एकत्र आली की कीटकपेशीही मरायच्या. गहू नाही, बुरशी नाही, तरी मरण! शेवटी एसआर३५ च्या पुढच्या टोकाला दोन अमिनो आम्लं बदलून त्याचा मारा बंद केला, तेव्हा कुठे अभ्यासापुरतं प्रथिन हाती लागलं.

रचनेत दिसलं ते असं. इफेक्टर एलआरआरच्या नालाच्या शेवटच्या भागाला येऊन चिकटतो. तिथे तो बसला की मधल्या भागाला पूर्वीच्या जागी राहायला वाव उरत नाही, तो बाजूला ढकलला जातो. प्रथिन उघडतं, एडीपी जाऊन एटीपी येतं. अशी पाच उघडी प्रथिनं, प्रत्येकी एकेक इफेक्टर घेऊन, चक्राकार जुळतात. याला रेझिस्टोसोम म्हणतात. २०१९ मध्ये अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या प्रायोगिक रोपाच्या झार१ या प्रथिनात असं पाच पाकळ्यांचं चक्र पहिल्यांदा दिसलं होतं. गव्हातही तेच निघालं, आणि हे दोन वनस्पतिवंश कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले आहेत. पाचही प्रथिनांची पुढची टोकं मिळून पेशीपटलात वाहिनी तयार होते आणि तीतून कॅल्शियम आत येतं. बेडकाच्या अंडपेशींमध्ये ही प्रथिनं घालून विद्युत्प्रवाह मोजले, तेव्हा वाहिनी खरंच चालते हे दिसलं.

कॅल्शियमच्या त्या लोंढ्यानंतर पेशी स्वतःला संपवते. जिवंत पेशीवर पोसणाऱ्या बुरशीचं शोषकांग मेलेल्या पेशीत अडकून उपाशी राहतं. शेतात आपण प्रतिकारक पानावर जे बारीक पिवळसर किंवा पांढरट ठिपके पाहतो आणि ‘तांबेरा आला पण फुटला नाही’ म्हणतो, ते हेच. म्हणजे प्रथिनाचं काम ओळखणं आणि दार उघडणं एवढंच. ओळख एका जागी, मारा दुसऱ्या जागी, हे विभाजन लक्षात ठेवा. तुमच्या यीस्टच्या प्रयोगात त्याची गरज पडेल.

ओळखण्याची रीत मात्र प्रत्येक वेळी इतकी थेट नसते. भातावरच्या करप्याचं उदाहरण घ्या. भाताच्या पिक या प्रतिकारात दोन एनएलआर जोडीनं काम करतात, पिक-१ आणि पिक-२. पिक-१ च्या मधोमध एचएमए नावाचा एक परका तुकडा बसलेला आहे. एनएलआरच्या मूळ बांधणीत त्याचं काही काम नाही. तो भाताच्याच दुसऱ्या, लहान एचएमए प्रथिनांची नक्कल आहे आणि करप्याचा एव्हीआर-पिक हा इफेक्टर पेशीत शिरून त्याच लहान प्रथिनांना पकडत असतो. भातानं बुरशीच्या भक्ष्याची हुबेहूब प्रतिकृती आपल्या पहारेकऱ्याच्या अंगावर लावून ठेवली आहे. पकडायला गेलेली बुरशी स्वतःच पकडली जाते. ही गोष्ट मी शिकवताना कितीदा सांगितली असेल, पण ती जुनी होत नाही.

तिसरी तऱ्हा अलीकडे कळली. गव्हातली काही प्रतिकारक जनुकं एनएलआर बनवतच नाहीत. ती एकाला एक जोडलेल्या दोन किनेजांचं (इतर प्रथिनांना फॉस्फेट लावणाऱ्या विकरांचं) प्रथिन बनवतात. पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धचं वायआर१५ हे त्यांतलं पहिलं, २०१८ चं. ही प्रथिनं पेशीला कसं मारतात हे कोडंच होतं. काळ्या तांबेऱ्याविरुद्धच्या एसआर६२ वर २०२५ मध्ये आलेल्या कामातून ते बरंचसं सुटलं. इफेक्टर पहिल्या किनेजाला चिकटतो, त्यामुळे दुसरा किनेज मोकळा होतो आणि तो जाऊन एका एनएलआरला जागं करतो. म्हणजे मागे एनएलआर होताच, फक्त पुढे दुसरं कोणी उभं होतं. याचा व्यवहारातला अर्थ असा की एसआर६२ एखाद्या वाणात आणलं पण त्याचा जोडीदार एनएलआर तिथे नसेल, तर मार्कर (जनुक आहे की नाही हे सांगणारी डीएनएची खूण) ‘आहे’ म्हणेल आणि शेतात झाड तांबेऱ्यानं भरलेलं दिसेल. मार्करच्या पट्टीवर विसंबून निवड करणाऱ्यांनी हे वाचून थोडं अस्वस्थ व्हावं अशी माझी इच्छा आहे.

आता वाण का पडतात. अमेरिकेत नॉर्थ डाकोटात एच. एच. फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवस आणि जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवलं की झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकासमोर बुरशीत एक नेमकं जनुक उभं असतं. आज प्रथिनांच्या भाषेत तेच म्हणायचं तर: प्रतिकार एकट्या गव्हाच्या प्रथिनात राहत नाही, तो दोन प्रथिनांच्या संपर्कात असतो. त्यातली एक बाजू आपल्या ताब्यात आहे, दुसरी नाही. आपलं जनुक वाणात जसंच्या तसं टिकतं. पलीकडची बाजू हेक्टरी अब्जावधी बीजाणूंच्या रूपात बदलत राहते.

सुटायला बुरशीला किती मोठा बदल लागतो? कधी कधी लाजिरवाणा छोटा. एव्हीआर-पिकच्या एका रूपात ६७ व्या जागी अॅलनीनऐवजी अॅस्पार्टिक आम्ल आलं, एवढ्यावर भातातल्या सगळ्या ज्ञात पिक रूपांच्या हातून ते निसटलं. एव्हीआर-एसआर३५ ची गंमत आणखी वेगळी. एसआर३५ ला न जुमानणाऱ्या निसर्गातल्या रेसमध्ये त्या इफेक्टरच्या जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा घुसून बसलेला सापडला. प्रथिन अर्धवटच बनतं, ओळखायला काही उरत नाही. बुरशीला त्या इफेक्टरविना फारसं अडतही नाही, कारण तिच्याकडे आणखी शेकडो आहेत.

म्हणून कोणतंही प्रतिकारक जनुक कितपत टिकेल हे जोखायचं असेल तर मी आधी विचारतो: ही गाठ सोडवायला बुरशीला काय गमवावं लागेल? इफेक्टर फेकून देता येण्यासारखा असेल तर जनुक कितीही जोरदार असो, दिवस मोजायला घ्या. इफेक्टर तिच्या जगण्याला आवश्यक असेल आणि आपलं प्रथिन त्याला नेमकं त्याच पृष्ठभागावर धरत असेल जिथे तो आपलं काम करतो, तर सुटायला गेली की बुरशीच पंगू होते. पिकवर काम करणाऱ्या नॉर्विचच्या गटानं हाच विचार हाताशी धरला. एव्हीआर-पिक भाताच्या ज्या लहान एचएमए प्रथिनाला खरोखर पकडतो त्याचा पकडण्याचा पृष्ठभाग त्यांनी पिक-१ मध्ये बसवला, आणि तो ६७ व्या जागेचा बदल असलेला निसटणारा इफेक्टरही ओळखला गेला. असा भात प्रत्यक्षात उगवून तपासलाही. एसआर३५ च्या अभ्यासातही कोलोनच्या गटानं रोगाला बळी पडणाऱ्या गव्हातलं झोपलेलं, नात्यातलं प्रथिन घेतलं, एलआरआरमधले संपर्काचे बिंदू बदलले आणि त्याला एव्हीआर-एसआर३५ ओळखायला लावलं. रचना कळल्याचा खरा फायदा इथे आहे.

आपल्याकडचं चित्र या चष्म्यातून बघा. महाराष्ट्रात आणि एकूण द्वीपकल्पात गव्हाला धोका काळ्या आणि नारिंगी तांबेऱ्याचा. पिवळ्याला इथली ऊब मानवत नाही. वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवलं होतं की भारतात या बुरशीच्या वार्षिक फेऱ्यात बार्बेरी या झुडपाला (तिच्या दुसऱ्या आसऱ्याला) काम नाही, बुरशी डोंगरांतल्या गव्हावर वर्षभर तग धरते. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून बीजाणू वाऱ्यानं उत्तरेकडे येतात, पावसाबरोबर खाली बसतात. म्हणूनच निलगिरीतल्या वेलिंग्टनचं केंद्र आणि आपल्या राहुरी विद्यापीठाचं महाबळेश्वरचं गहू गेरवा संशोधन केंद्र यांचं महत्त्व. नवी रेस मैदानात गाजायच्या आधी तिथे कळते. एसआर२४ ला भेदणारी रेस निलगिरीतच सापडली होती.

राय या धान्यातून आलेलं एसआर३१ कितीतरी वर्षं जगभर टिकलं. मग १९९८ मध्ये युगांडात त्याला भेदणारी रेस दिसली, तीच यूजी९९. २००६ पर्यंत ती येमेनमध्ये आणि २००७ मध्ये इराणमध्ये पोचली होती. २०१९ च्या एका अभ्यासात असं निघालं की ती दोन वेगळ्या बुरशींच्या केंद्रकांची अदलाबदल होऊन तयार झाली आहे, तीही लैंगिक संकराशिवाय. तांबेऱ्याच्या पेशीत दोन केंद्रकं असतात. त्यातलं एक सबंध बदललं की एका फटक्यात शेकडो इफेक्टरांची रूपं बदलतात. एकेका उत्परिवर्तनाचा हिशेब मांडून बसणाऱ्यांची (मीही त्यांतलाच) यानं झोप उडाली.

जाता जाता, खपलीबद्दल. सांगली-साताऱ्याकडे पिकणाऱ्या आपल्या खपलीच्या जातीचा गहू तांबेऱ्याच्या रेस ओळखण्यासाठी स्टॅकमन यांच्या मिनेसोटातल्या गटानं ठरवलेल्या बारा गव्हांच्या जगप्रसिद्ध संचात होता, ‘खपली’ याच नावानं. एसआर१३ हे यूजी९९ विरुद्ध उपयोगी पडणारं जनुक खपलीतही आहे. २०१७ मध्ये ते वेगळं काढलं, तेव्हा तेही एनएलआरच निघालं. खपलीला ‘आरोग्यदायी’ म्हणून चढा भाव देणाऱ्यांपैकी हे किती जणांना माहीत असतं कोण जाणे.

ओळखीवर न बेतलेला प्रतिकारही असतो, हे इथे सांगायलाच हवं. एलआर३४ हे २००९ मध्ये उलगडलेलं जनुक पेशीपटलातून पदार्थ वाहून नेणारं प्रथिन बनवतं. प्रतिकारक आणि बळी पडणाऱ्या रूपांत फक्त दोन अमिनो आम्लांचा फरक आहे. ते कोणत्याच इफेक्टरला ओळखत नाही, त्यामुळे बुरशीला फेकून देण्याजोगं काही सापडत नाही. तांबेरा येतो, पण सावकाश येतो, तोही मोठ्या झाडावर. काळा, नारिंगी, पिवळा आणि शिवाय भुरी, सगळ्यांवर थोडाथोडा परिणाम. अशा अर्ध्यामुर्ध्या दिसणाऱ्या जनुकांकडे पैदासकार दुर्लक्ष करतात, कारण प्रात्यक्षिकाच्या दिवशी शेतात स्वच्छ पान उठून दिसतं. माझ्या मते ही सवय आपल्याला महाग पडली आहे.

मग सगळी जनुकं एकत्र रचली की झालं? २०२१ मध्ये पाच एसआर जनुकं एकाच ठिकाणी जोडून गव्हात घातली गेली आणि त्या गव्हानं तांबेऱ्याच्या अनेक रेस रोखल्या. पण तो जनुकीय परिवर्तित गहू. आपल्याकडे सध्या वाट पारंपरिक संकराची आणि मार्करची. त्या वाटेवर एक खड्डा आहे. ज्या राय-तुकड्यावर एसआर३१ बसलंय त्यावरच भुरीविरुद्धचं पीएम८ हे जनुकही आहे. कित्येक गव्हांत पीएम८ असूनही भुरी येते. २०१४ मध्ये कारण कळलं: गव्हाचं स्वतःचं पीएम३ प्रथिन त्याचं नातेवाईक. ते पीएम८ च्या प्रथिनाशी जुळून एकत्र संकुल बनवतं आणि त्याला कामच करू देत नाही. दोन चांगली एनएलआर एका पेशीत आली म्हणजे त्यांची बेरीज होईलच असं नाही, वजाबाकीही होते. संकरानंतर रोगाची तपासणी टाळून फक्त मार्करवर पुढे जाऊ नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता तुमच्या प्लेटवरच्या यीस्टच्या निळ्या वसाहती (निळा रंग म्हणजे दोन प्रथिनं चिकटली). पहिली शंका: यीस्ट टू-हायब्रिडमध्ये दोन्ही प्रथिनं यीस्टच्या केंद्रकात, भरमसाट प्रमाणात भेटवली जातात. गव्हाच्या पेशीत कदाचित ती एकमेकांसमोर कधी येतही नसतील. दुसरी: तुम्ही पूर्ण प्रथिन वापरलं की तुकडा? तुमच्या वर्णनावरून सीसी भाग वापरलेला दिसतो. हे भाग एकमेकांना आणि इतर कशालाही चिकटतात. एसआर३५ चा इफेक्टर एलआरआरवर बसतो हे वर पाहिलंच. तिसरी शंका इतिहासातून येते. भाताचं पाय-टा आणि करप्याचा एव्हीआर-पिटा यांचा थेट संपर्क २००० मध्ये यीस्टमध्येच दाखवला गेला, धान्यपिकांतला तो गाजलेला पहिला पुरावा. पाय-टाच्या ९१८ व्या जागी अॅलनीन असेल तर प्रतिकार, सेरीन असेल तर नाही. सगळं सुबक जुळत होतं. मग २०१८ मध्ये कळलं की शेजारीच पीटीआर नावाचं वेगळ्याच घडणीचं प्रथिन तयार करणारं जनुक आहे आणि ते बिघडलं की पाय-टा शाबूत असूनही प्रतिकार जातो. नुसत्या चिकटण्यानं प्रतिकाराचा उलगडा झाला नव्हता.

तेव्हा तुम्ही असं करा. इफेक्टरमधून सुरुवातीचा संकेत-पेप्टाइड (प्रथिनाला पेशीबाहेर धाडणारा तुकडा) काढला आहे ना, हे आधी तपासा. निसर्गात सापडलेलं, प्रतिकाराला चकवणारं त्या इफेक्टरचं रूप मिळवा आणि त्याच प्लेटवर ठेवा. तेही तितकंच निळं आलं तर तुमच्या संपर्काचा प्रतिकाराशी संबंध नाही, तिथेच थांबा. ते चिकटलं नाही तर पुढे चला: दोन्ही प्रथिनं निकोटियाना बेंथामियाना या तंबाखूच्या नात्यातल्या रोपाच्या पानात एकत्र सोडून पेशी मरते का पाहा, आणि एकेकटी सोडून मरत नाही ना तेही पाहा. नुसतं एनएलआर जास्त प्रमाणात आलं तरी ते आपणहून पेशी मारू शकतं, त्यामुळे दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा. मग गव्हाच्याच प्रोटोप्लास्टमध्ये (भित्तिका काढलेल्या पेशींत) ल्युसिफेरेज (पेशी जिवंत असेल तर चमक देणारं विकर) घेऊन तेच पुन्हा. अल्फाफोल्ड या प्रथिनांची रचना वर्तवणाऱ्या संगणक-प्रणालीनं सुचवलेला संपर्क-पृष्ठभाग जरूर वापरा, पण कोणती अमिनो आम्लं बदलून पाहायची एवढं ठरवायला. मॉडेलचा रंगीत फोटो प्रबंधात पुरावा म्हणून छापू नका.

एक अमिनो आम्ल बदललं, चिकटणं गेलं आणि पेशीमृत्यूही गेला, असं दोन्ही एकाच वेळी दिसलं की मग मला कळवा. त्यानंतरच गव्हाच्या झाडात त्या जनुकाचं उत्परिवर्तन शोधायला वेळ घालवण्यात अर्थ आहे. आणि त्या झाडांवर तांबेरा सोडताना ज्या रेसमधून तुमचा इफेक्टर आला तीच वापरा. दुसऱ्या रेसवर घेतलेला निकाल दोन्ही बाजूंनी फसवतो.